मुठीचं गाडगं

"तुझं बरं हाय बाबा. तू वर बसलास, अन् धूर समदा खाली माझ्या डोळ्यात. जरा वारं तरी फिरव. न्हाईतर ये खाली अन् तूच फुंक ही चूल."

मालनबाई हे नवऱ्याला म्हणत नव्हती. नवरा, आश्रुबा, बाहेर ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसला होता, आणि त्याला असं बोलायची सोय नव्हती. ती देवाला बोलत होती. चुलीपाशी दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं. मी होते. चुलीच्या वर भिंतीत एक कोनाडा होता, त्यात मी बसलेली असे, तिच्या तोंडापासून हातभर लांब.

मित्रांनो, मी मुठीचं गाडगं. तसं गाडगं ते गाडगं, पण सगळं आयुष्य बायकांच्या हातात गेलं, म्हणून बोलायची सवयही बायकांचीच लागली. ती गोड मानून घ्या.

माझी माती पालीच्या बाजूच्या तळ्यातली. नेकनूरच्या म्हाळू कुंभारानं ती गाढवावरून आणली, लीद आणि राख घालून तुडवली, चाकावर चढवली आणि मग थापट्यानं हळूहळू बडवून माझं पोट गोल केलं. आव्याच्या भट्टीत मी एका अंगानं जरा जास्त भाजले. पोटावर काळा डाग राहिला तो राहिलाच. बाजारात मालनबाईनं मला उचललं, फिरवलं आणि नाक मुरडलं.

"हे काळं कावून?"

"काळं न्हाई बाई, पक्कं हाय," म्हाळू म्हणाला. "वाजवून बघ. गोरं गाडगं गोऱ्या जावयासारखं असतंय, दोन दिवस बघायला बरं."

तिनं बोटानं मला वाजवलं. मी खणखणले. ती हसली आणि मला डोक्यावर घेऊन डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी आली. मला वाटलं, आता आपल्यात दही लागणार किंवा मीठ भरणार. तसं झालं नाही. तिनं मला धुतलं, उन्हात तापवलं, पोटावर चुन्यानं एक क्रूस काढला, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि कोनाड्यात ठेवलं.

त्या गावाच्या एका कडेला ख्रिस्ती लोकांची वीसेक घरं होती. मधोमध पत्र्याचं देऊळ होतं. देवळाला घंटा नव्हती. रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो शांतवन मास्तर दगडानं वाजवत. हे मास्तर आठवडाभर मुलांना शिकवत आणि रविवारी उपासना चालवत. ह्या घरांची एक रीत होती. रोज दळायला जोंधळे काढले की त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि चुलीवरच्या गाडग्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. घरात कितीही कमी असो, ती मूठ आधी, सुपातलं दळण मागून. रविवारी सगळ्या बायका आपापली गाडगी पदराखाली घेऊन देवळात येत आणि एका पोत्यात रिती करत. त्या पोत्यावर दगडाबाई जगत असे.

दगडाबाई कोण ते सांगायला हवं. ती मालनबाईची शेजारीण. निपुत्रिक, विधवा, म्हातारी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तरुणपणी गावोगाव पायी फिरून बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायची. सगळी घरं तिला आत्या म्हणत. मुठीची रीत तिनंच घातलेली होती. तिच्या आणि मालनबाईच्या घराची भिंत एकच होती, आणि माझ्या कोनाड्याच्या मागच्या बाजूला त्या भिंतीला एक भोक होतं, इस्तव, म्हणजे चुलीचा निखारा, द्यायला-घ्यायला. म्हणजे मी दोघींच्या बरोबर मधे. इकडचंही ऐकू यायचं, तिकडचंही.

माझ्यातली पहिली मूठ पडली तेव्हा दगडाबाई ह्या बाजूला येऊन बसली होती. मालनबाईनं मूठ भरली आणि पटकन टाकायला गेली.

"थांब गं," म्हातारी म्हणाली. "लगेच टाकायची न्हाई. धरायची. हात गाडग्यावर थांबला की तूबी थांब. तोंडानं काय बी म्हणू नगंस."

"किती येळ थांबू?"

"तो आलाय असं वाटंस्तोवर."

"अन् न्हाई आला तर?"

"तो हितंच असतोय, पोरी. आपणच म्होरं पळतो. म्हणून थांबायचं."

मालनबाईनं हात थांबवला. पहिल्या दिवशी तिला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी हाताला कळ लागली. पण ती बाई चिवट. रोज थांबू लागली. हळूहळू ते थांबणं तिच्या इतर कामांतही शिरलं. घागर उचलताना थांबायची, सारवताना थांबायची, जोंधळ्यातले खडे वेचताना मधेच बोट थांबायचं. आणि थांबली की आतल्या आत कोणाशी तरी बोलायची, भांडायची, धुराची तक्रार करायची. डोळे मिटून गुडघे टेकून केलेल्या प्रार्थना मी देवळात खूप ऐकल्या. पण राखेनं भरलेल्या हातांची ती प्रार्थना मला जास्त खरी वाटे.

एका सकाळी तिचा हात माझ्या तोंडापाशी थांबला तो थांबलाच. मूठ उघडली, दाणे पडले, तरी हात तसाच माझ्या आत. तिच्या तळहाताची ऊब माझ्या काळ्या डागापर्यंत पोचली. घरात काहीच झालं नाही. वारा नाही, उजेड नाही, आवाज नाही. पण मी मातीची असूनही मला कळलं की आता इथं आम्ही दोघी नाही, तिघं आहोत. तव्यावरची भाकरी धूर सोडू लागली तेव्हा आश्रुबा आत आला.

"अगं भाकर करपली की! ध्यान कुठं हाय?"

"पाहुणा आलता."

आश्रुबानं इकडंतिकडं बघितलं. "कोन पाहुणा? गेला का?"

"न्हाई," ती हसून म्हणाली, "अजून हितंच हाय."

आश्रुबानं करपलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. तो भला माणूस होता. पाहुण्यासाठी दुसरी टाक, एवढंच म्हणाला.

देवळात गाडगी रिती करायचीही एक पद्धत होती. शांतवन मास्तर पोत्याचं तोंड धरून उभे राहत, सगळे जण डोळे मिटून भजन म्हणत आणि बायका एकेक करून पुढं येत. डोळे मिटायचा नियम दगडाबाईचा. पूर्वी म्हणे बायका एकमेकींच्या गाडग्यात डोकावायच्या आणि गरीब घरची सून मागं मागं राहायची. म्हातारी म्हणाली, मूठ देवाला दाखवायची, बाजाराला न्हाई. तेव्हापासून डोळे बंद. पण मित्रांनो, डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. कोणाच्या गाडग्यातून किती वेळ धार पडते हे सगळ्यांना बरोबर कळायचं. माझी धार लांब असायची. बाहेर पडताना कोणीतरी हमखास म्हणायचं, "मालनबाईचं काळं गाडगं लई पोटाचं हाय." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आश्रुबा गावच्या सोसायटीचा सभासद होता. तो गमतीनं म्हणायचा, "आमच्या सोसायटीत समदे सभासद सारखे. फकस्त रांगेत कोन म्होरं अन् कोन मागं, एवढाच फरक. खरी सोसायटी तुमा बायकांची. चेअरमन न्हाई, भांडान न्हाई."

चेअरमन नव्हता, हे खरं. कोणी विचारणारंही नव्हतं. ते पुढं नडलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरं बाजारात मातीमोल गेली, कणगीच्या बुडाचं शेणाचं सारवण दिसू लागलं. गावातली माणसं, बाया, सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मालनबाईचे हात फुटले, तळव्यांना घट्टे पडले. माझ्यात येणारी मूठ खरखरीत झाली आणि लहान झाली. सोसायटीच्या दुकानात लाल मिलो, परदेशी ज्वारी, आली. आश्रुबा म्हणायचा, "हिची भाकर थापताना फुटती अन् खाताना तुटत न्हाई." त्या मिलोचीही मूठ मालनबाईनं काढली. काळ्या गाडग्यात लाल दाणे. मला ते शोभत नव्हते, पण पडत होते तोवर बरं होतं.

एका संध्याकाळी कणगीत हात घातला तर नुसता हात आला. दुकानातली मिलोही संपली होती. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा सरकारी खाऊ, मिळे, ती तिथंच खायची, आणि त्यातलं चिमूटभर पदरात बांधून ती लेकरांसाठी आणायची. माझ्यात टाकण्यासारखं घरात काही नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली. मग तिनं रिकामीच मूठ वळली, माझ्यावर धरली, थांबली आणि माझ्या आत उघडली. काहीच पडलं नाही.

"आज एवढंच हाय, प्रभू," ती म्हणाली.

आणि तो आला. भरल्या मुठीवर यायचा त्याहून जवळ आला. मालनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतका गोडवा तिला कधी लागला नव्हता. तिनं मनाशी धरलं की रिकामी मूठही देवाला चालते. ते खोटं नव्हतं. देवाला चालत होती. पण मित्रांनो, त्या मुठीच्या पलीकडं एक म्हातारी होती, आणि तिला रिकामी मूठ चालणार नव्हती.

रविवारी मालनबाईनं मला पदराखाली घेऊन देवळात नेलं. भजन सुरू झालं. डोळे मिटले. तिनं मला पोत्यावर उपडी केली, नेहमीसारखी, नेहमीइतकाच वेळ. आवाज आला नाही. तिला वाटलं, आपलं एकटीचंच रिकामं, बाकीच्यांचं पडेल. तिच्या मागून दुसरी आली. आवाज नाही. तिसरी आली, चार दाणे वाजले. चौथी आली, आवाज नाही. भजन मात्र चढत गेलं. कोणीतरी झांज जोरात मारायला लागलं. पुढच्या रविवारी तर देवळाचा पत्रा थरथरेल असं गाणं झालं. नेकनूरला जाणारी माणसं रस्त्यावर थांबून म्हणाली असतील, काय भक्ती आहे!

गाडगी एकमेकींना ओळखतात. ओळीनं ठेवली की कानाला कान लागतो. आम्हाला ठाऊक होतं. पोत्याचं तोंड धरणाऱ्या मास्तरांच्या हातालाही ठाऊक होतं. ते बिचारे काही दिवस स्वतःच्या घरचे दाणे गुपचूप पोत्यात टाकून ते दगडाबाईकडं पोचवत राहिले. मग त्यांचीही कणगी आटली. लोकांना लाज वाटेल म्हणून ते बोलले नाहीत. लोक, मास्तरांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. अशी सगळ्यांनी एकमेकांची अब्रू जपली.

खडीवर न जाणाऱ्याला सुकडी नव्हती. म्हातारी हातोडा कशी उचलणार? आणि मागायची तिला सवय नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना मूठ काढायला शिकवलेली बाई, ती स्वतःचा हात कसा पसरेल?

भिंतीपलीकडं पहाटे तिचं जातं वाजायचं. घरघर, मग थांबणं, मग परत घरघर. ते कधी कमी झालं आणि कधी बंद पडलं, हे मला कळलं तसं मालनबाईलाही कळलं. ती चुलीपाशी थबकून ऐकायची. मग स्वतःशीच म्हणायची, "आत्यानं दळान कुनाकडं तरी दिलं आसंल."

त्याच दिवसांत गावातली रहेमतबी इस्तव मागायला आली. तीही खडीवर मालनबाईच्या शेजारी बसायची. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमची मूठ निघती का गं यंदा?"

"निघती की," मालनबाई म्हणाली.

"नशीबवान हाईस. आमच्यात बी मदरशासाठी मुट्ठी काढत्यात. मी तर मौलवीसाहेबांना सरळ सांगितलं, घरात दाना न्हाई, यंदा माझं नाव सोडा. ते म्हणले, बाई, मग तूच घेऊन जा इथून पसाभर."

मालनबाईनं निखारा तिच्या खापरीत टाकला. रहेमतबी गेल्यावर मात्र तिनं माझ्यावर रिकामी मूठ धरली ती फार वेळ धरली. तो आला होता. रोज येतच होता. पण आता तो आला की एक वेगळीच गोष्ट व्हायची. मालनबाईचं तोंड आपोआप भिंतीकडं वळायचं, त्या भोकाकडं. तिला ते कळायचं. ती मान ओढून सरळ करायची.

"तू एवढा जवळ हायस," ती एकदा पुटपुटली, "मग मला भ्या कशाचं वाटतंय?"

मला उत्तर माहीत होतं. पण गाडग्याला तोंड असतं ते फक्त घ्यायला.

दगडाबाईची शेवटची आठवण सांगते. संध्याकाळ होती. मालनबाई कामावरून आली होती. पदराच्या गाठीत सुकडी होती, मुलांच्या वाटणीची. लेकरं बाहेर खेळत होती. तिनं गाठ सोडली, मूठ भरली. कितीतरी दिवसांनी भरलेली मूठ माझ्या तोंडाशी आली. ती थांबली. मान भिंतीकडं वळली, आणि ह्या वेळी तिनं ती ओढून घेतली नाही. माझ्या कानाजवळून, भोकातून, हाक मारली.

"आत्या, खाल्लं का?"

पलीकडून थोड्या वेळानं आवाज आला. "खाल्लं की, पोरी."

"खरं?"

"व्हय गं. तुझा हात थांबतो का अजून?"

"थांबतो."

"मग झालं तर."

दोघींनाही ठाऊक होतं. विचारणारीला काय उत्तर हवंय ते, आणि देणारी काय देणार ते. मालनबाईनं मोठा श्वास सोडला, जसं डोक्यावरचं ओझं कोणी उतरून घेतलं. मग तिनं मुलांना हाक मारली आणि मूठ त्यांच्या हातांवर रिकामी केली. आईनं आणखी काय करायला हवं होतं, ते तुम्ही ठरवा. मी ठरवू शकले नाही.

दोन दिवसांनी भोकातून हाक मारली तर पलीकडून काही आलं नाही.

दगडाबाईला डोंगराच्या पायथ्याशी पुरलं. माती इतकी वाळली होती की पहारीनं ठिणग्या उडाल्या, असं आश्रुबा सांगत होता. मातीहून आल्यावर बायका मालनबाईच्या ओट्यावर टेकल्या.

"वयच झालं व्हतं."

"लई शांत गेली. झोपंतच."

"उपास बी लई करायची म्हातारी, पयल्यापासूनच."

"प्रभूनं बोलावलं, आपण काय करनार?"

मालनबाई गुडघ्यात मान घालून बसली होती. त्या संध्याकाळी तिनं माझ्यावर मूठही धरली नाही.

मित्रांनो, पुढं पाऊस आले. कणग्या भरल्या. आज त्या घराला सिमेंटच्या भिंती आहेत आणि देवळात मुठीऐवजी पाकीट फिरतं, चिकटवलेलं, बाहेरून काही न कळणारं. मला कोणी फेकलं नाही. मी माळ्यावर आहे. माझ्यात खिळे, गंजलेली कुलपं आणि एक मोडका चष्मा आहे. कानाला चीर गेली आहे. मला खाली काढा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मातीचं आयुष्य तेवढंच. मागणं एकच आहे. देव तुमच्या चुलीपाशी येईल. नक्की येतो, मी पाहिलाय. तो आला की तुमची मान ज्या भिंतीकडं वळेल, तिकडं ती वळू द्या. आणि पलीकडून 'खाल्लं' असं उत्तर आलं, तर उठून दार ढकलून बघा. चुलीत राख गार आहे की गरम, हाताला लगेच कळतं.

आता एक रविवार सांगायचा राहिला. तो मुद्दाम मागं ठेवला होता, कारण त्याच्यापुढं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

मातीनंतरचा पहिला रविवार. देऊळ भरलं होतं. दगडाबाईची भिंतीकडची जागा कोणी घेतली नव्हती. शांतवन मास्तर म्हणाले, "आपली आत्या भरल्या वयानं, शांतीनं प्रभूजवळ गेली. आपण डोळे मिटू आणि तिचं आवडतं भजन म्हणू." त्यांनी सवयीनं पोत्याचं तोंड धरलं. आता ते कोणासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. झांज वाजली. बायका उठल्या. गाणं चढलं.

मालनबाई माझ्यासकट पुढं गेली. मला उपडी केली. पण ह्या वेळी पदराखालून काढून, उघड्यावर, सगळ्यांच्या समोर हात उंच करून. आणि ती जागची हलली नाही. मागच्या बाईचा धक्का तिला लागला. तिनं डोळे उघडले. मग आणखी कोणी उघडले. झांज अडखळली. गाणं शेवटच्या रांगेत जरा वेळ चालत राहिलं आणि मग तिथंही विझलं.

"मालनबाई," मास्तर हळूच म्हणाले, "बसून घ्या."

"बसते मास्तर. एवढं पोतं खाली ठिवा आधी."

मास्तरांनी पोतं सोडलं. ते जमिनीवर पडलं तेव्हा वाळलेलं लुगडं पडावं तसं बिनआवाज पडलं. आश्रुबा पुरुषांच्या बाजूनं अर्धा उठला. "अगं, आता कशाला..."

"आताच," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. चुलीपाशी देवाशी बोलायची तोच आवाज होता. "माझी मूठ रिकामी व्हती. कणगी सरली तवापासनं रिकामीच. मी डोळे मिटून गाडगं उपडं करत गेले, अन् म्हणलं बाकीच्यांचं पडंल. तुमी बी तेच म्हणलात. पडत न्हवतं, ते समद्यांना ऐकू येत व्हतं. म्हणून तर आपण मोठ्यानं गायलो."

मागं कोणीतरी हुंदका दिला. मालनबाईनं तिकडं बघितलं नाही.

"परवा माती द्यायला समद्यांच्या मुठी भरल्या व्हत्या. म्हातारी वयानं न्हाई गेली, मास्तर. देवानं बी न्हाई बोलावली. ती भुकेनं मेली. भिंतीपल्याड. अन् आपल्याला ठावं व्हतं."